माहिती हेही औषधच!

मधुमेह वा कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाच्या मनात प्रश्नांचे काहूर माजते. दवाखान्यातील गर्दीत डॉक्टरांना सारे विचारणे जमत नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यावर किंवा एखाद्या जाहिरातीवर भिस्त ठेवून चालू औषधे बंद केली जातात. हा धोका टाळण्यासाठी रुग्ण-ग्रंथालयांचा मोठा उपयोग होतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे 'प्लेनट्री' संस्थेने १९८१ मध्ये असे केंद्र सर्वसामान्यांसाठी खुले केले. मुंबईत डॉ. अनिरुद्ध व डॉ. अंजली मालपाणी यांनी १९९७ मध्ये 'हेल्प' हे आरोग्यविषयक मोफत ग्रंथालय सुरू केले.

अशा ठिकाणी ग्रंथपाल निदान करीत नाही किंवा औषधही सुचवीत नाही. आजाराचे नेमके नाव विचारून, रुग्णाला समजेल असे पुस्तक, पत्रक किंवा संकेतस्थळ तो काढून देतो. त्यामुळे जाताना निदान, तपासण्यांचे अहवाल व औषधांची नावे सोबत न्यावीत.

मिळालेली माहितीही पारखून घ्यावी. ती कोणी लिहिली, केव्हा सुधारली आणि त्यामागे पैसा कोणाचा, हे पाहावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे, १९९८ मध्ये सुरू झालेले 'मेडलाइनप्लस' हे संकेतस्थळ जाहिराती घेत नाही. 'हमखास गुण' देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे; मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

वाचनातून उद्भवलेले दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. औषध मात्र त्यांना विचारल्याखेरीज बदलू नये.