क्रिएटिनिन उतरले, पण डायलिसिस पुरले का?

लखनौच्या रायबरेली रोडवरील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, लखनौकरांच्या तोंडी नुसते ‘पीजीआय’, १९८३ च्या राज्य कायद्याने स्थापन झाली. मूत्रपिंडाचे रुग्ण तिथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात. अशा रुग्णाच्या पिशवीत रक्ततपासणीच्या कागदांची चळत असते आणि नातेवाइकांचे बोट आधी एकाच आकड्यावर जाते: क्रिएटिनिन.

आकडा महत्त्वाचा खराच, पण फसवाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे हडकुळ्या आजीबाईंचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसला, तरी मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावलेले असू शकते. म्हणून डॉक्टर वय व लिंग धरून गाळण्याची क्षमता काढतात. ती तीन महिन्यांहून अधिक काळ मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिली, तर विकार दीर्घकालीन समजतात.

डायलिसिस सुरू झाल्यावर तर घोटाळा आणखी वाढतो. क्रिएटिनिन महिन्यागणिक उतरते, घरचे खूश होतात, आणि प्रत्यक्षात जेवण तुटल्याने रुग्णाचे अंग झडत असते! यंत्राने रक्त किती धुतले, हे युरियावरून कळते. डायलिसिसपूर्वी युरिया १४० आणि नंतर ४९ असेल, तर घट ६५ टक्के. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यालाही निदान एवढी घट हवीच. खर्चापायी आपल्याकडे अनेकजण दोनदाच घेतात. त्यांनी या आकड्यावर निर्धास्त राहू नये. नंतरचे रक्त काढण्याआधी यंत्राचा वेग कमी करावा लागतो. नाहीतर नुकतेच धुतलेले रक्त नमुन्यात मिसळून आकडा उगाच गोजिरा दिसतो. घट कमी भरली, तर फिस्टुला नीट वाहतो का ते पाहतात. पण कित्येकदा कारण साधे असते. गाडी गाठायची म्हणून रुग्ण चार तासांऐवजी तीन तासांतच उठलेला असतो.

हिमोग्लोबिन, कॅल्शियम, फॉस्फरस, कावीळ ‘बी’ व ‘सी’ याही तपासण्या ठरल्या वेळी होतात. सर्वांत तातडीचे मात्र पोटॅशियम. लखनौजवळचे मलिहाबाद दसेरी आंब्यासाठी प्रसिद्ध. मोसमात मोह कोणाला आवरतो? पण आंब्यात पोटॅशियम असते, आणि आपला हापूसही त्याला अपवाद नाही. दोन डायलिसिसमधला खंड लांबला, की ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवते, कधी कधी काहीही लक्षण न दाखवता. हातपाय एकाएकी गळून गेले किंवा ठोके चुकू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.