फुटक्या आवाजाची मेहनत

रमजानमध्ये वणीच्या मोहल्ल्यांत पहाट फार लवकर होते. तीन-साडेतीनला घराघरांत दिवे लागतात, भांड्यांचे आवाज येऊ लागतात. आमच्या लहानपणी मोबाइलचा गजर नव्हता. लोकांना सहेरीसाठी उठवायला मोहल्ल्यातली पोरे नात म्हणत गल्लीगल्लीतून फिरायची. नात म्हणजे पैगंबर साहेबांच्या स्तुतीची रचना. त्या पोरांत मीही असायचो. पण एका वर्षी आमच्या म्होरक्याने मला बाजूला घेतले आणि सांगितले, "तू बस ताली बजा. गाना मत. तेरे साथ सब बेसूर हो रहे." त्या पहाटेनंतर कितीतरी वर्षे मी कोणासमोर गायलो नाही. शाळेच्या प्रार्थनेतही नुसते ओठ हलवायचो.

यंदा तीच गोष्ट माझ्या बारा वर्षांच्या भाच्याच्या वाट्याला आली. नातच्या कार्यक्रमाची तालीम सुरू होती, त्यातून त्याला वगळले. इफ्तारला बसलेला पोरगा खजूर हातात धरून म्हणाला, "मामू, अल्लाह ने मेरे को आवाजच नहीं दी."

त्याला मी अल्लादियाखाँ साहेबांची गोष्ट सांगितली. वाचकहो, ती तुम्हालाही सांगतो.

खाँसाहेबांचा जन्म 1855 चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणे गवयांचे. काका जहांगीरखाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली, नाव होऊ लागले. अशा ऐन उमेदीत आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात त्यांना दिवसेंदिवस सलग गावे लागले आणि त्यांचा आवाज बसला. पुढे तो परत आला खरा, पण पूर्वीचा राहिला नाही. गवयाचा आवाज जाणे म्हणजे सुताराचा हात जाणे. दुसरा कोणी असता तर त्याने तंबोरा खुंटीला टांगला असता.

खाँसाहेबांनी तसे केले नाही. गेलेल्या आवाजामागे धावण्यापेक्षा हाती उरलेल्या आवाजाला काय शोभेल, याचा त्यांनी शोध घेतला. लयीशी बांधलेल्या वळणदार ताना, क्वचित ऐकू येणारे राग, सुरांची गुंतागुंतीची वीण अशी स्वतंत्र गायकी त्यांनी उभी केली. तिलाच आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो. या गायकीच्या मुळाशी तो बदललेला आवाज आहे, असे संगीताचे जाणकार सांगतात. 1895 पासून ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते. महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईला गेले आणि 1946 साली तिथेच त्यांचे निधन झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. 1977 साली अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज साठवलेली एक तबकडी आहे. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. वणीच्या पोराने डोळे मोठे करून विचारले, "मतलब, जिनकी आवाज गई थी उनकी शागीर्द आसमान में गा रही है?" मी म्हटले, "हो, बेटा."

कोणी म्हणेल, ते तर खानदानी गवई, आपल्याला कशाला त्यांची गोष्ट? म्हणून दुसरे उदाहरण घ्या. सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. पं. भीमसेन जोशींचे गुरू. त्यांचा आवाज मुळात गोड नव्हता, मैफलीत तो खुलायला वेळ लागायचा, असे सांगतात. अब्दुल करीमखाँ साहेबांनी त्यांच्याकडून कसून मेहनत करून घेतली. आज पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव ऐकायला हजारो लोक थंडीत बसतात.

मेहनतीचे मोल आपल्या धर्मातही सांगितले आहे. हजरत आयेशा यांनी सांगितलेल्या एका हदीसचा आशय असा: जो कुरआन सफाईदारपणे पढतो, त्याचे स्थान सन्माननीय फरिश्त्यांबरोबर आहे, आणि ज्याला पढताना अडखळायला होते, कष्ट पडतात, तरीही जो पढत राहतो, त्याला दुप्पट पुण्य आहे. तिलावत म्हणजे गाणे नव्हे, तिचे नियम वेगळे. पण अडखळणाऱ्याला 'तू गप्प बस' असे न म्हणता त्याच्या कष्टाची नोंद घ्यायची, ही शिकवण मला तालमीच्या प्रत्येक खोलीत लावावीशी वाटते.

आता कामाचे बोलू. आवाज साधारण असेल तर करायचे काय?

पहिली गोष्ट, आपली पट्टी शोधणे. बहुतेक लोक बेसूर होतात ते दुसऱ्याच्या पट्टीत गातात म्हणून. पेटीवर साधारणपणे पुरुषांना काळी एक ते काळी दोन सोयीची पडते आणि बायकांना काळी चार-पाच. नात म्हणणारा मोठा कलाकार उंच चढतो, म्हणून पोरगाही चढायला जातो आणि फाटतो. एक-दोन सूर खाली येऊन तीच नात म्हटली, तर निम्मे काम होते. माझ्या भाच्याचे नेमके हेच झाले होते. त्यात त्याचे वय आवाज फुटण्याचे. या वयात गळ्यावर जोर देऊ नये. थोडे खाली, थोडे हळू गावे आणि वाट पाहावी.

दुसरी गोष्ट, गाण्याआधी ऐकणे. मोबाइलवर तंबोरा मिळतो. तो लावून दोन मिनिटे गप्प बसावे. मग तोंड मिटून गुणगुणत त्याच्या 'सा'मध्ये मिसळावे. आपला सूर वेगळा ऐकू येईनासा झाला, की तो लागला असे समजावे. ज्यांच्या कानाला सुरांतला फरक मुळीच कळत नाही, अशी माणसे फार थोडी असतात. बाकीच्यांचा कान ठीक असतो; कानाने ऐकलेले गळ्यातून काढण्याची सवय तेवढी नसते आणि ती लावता येते.

तिसरी गोष्ट, स्वतःचे गाणे रेकॉर्ड करून ऐकणे. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. रेकॉर्डिंग खरे काय ते सांगते. पहिले काही दिवस लाज वाटते. ती सोसावी.

चौथी गोष्ट, रोज थोडे पण रोज. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. सुरुवातीला खालच्या सुरांत, म्हणजे खर्जात, एका श्वासात एकच सूर लांबवावा, मग साधे अलंकार. बोलतानाही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला 100 च्या वर वेळा थरथरतात. ते ओले असले तरच नीट चालतात. म्हणून रोजात दुपारी कोरड्या गळ्याने ताणून गाऊ नये. रियाज सहेरीला पाणी पिऊन करावा, नाहीतर तरावीहच्या नमाजनंतर. इफ्तारच्या भज्यांवर लगेच गळा साफ होत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर घरगुती उपाय सोडून कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठावा.

शेवटची गोष्ट, सोबत. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी हाती खंजिरी घेऊन गावेच्या गावे भजनाला बसवली. भजनाला बसताना कोणाचा गळा कोणी तपासला नाही. कव्वालीतही मुख्य गायकामागे साथ देणारे असतातच. कच्चा सूर अशाच घोळक्यात पक्का होतो. ज्याला आपण घोळक्यातून काढतो, त्याची शिकण्याची जागाच काढून घेतो.

मी तालमीच्या जागी जाऊन तिथल्या मोठ्या पोरांना एवढेच सांगितले. ते भले आहेत, ऐकले त्यांनी. भाचा आता मागच्या ओळीत, खालच्या पट्टीत म्हणतो. ईदपर्यंत तो मोठा नातख्वाँ होणार नाही. पण काल सहेरीला त्याने मोबाइलवर तंबोरा लावला आणि डोळे मिटून 'सा' धरला. थोडा हलला, मग लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामू, तुम भी लगाओ ना."

इतक्या वर्षांनी मीही लावला.