डोळ्यांना न दिसणारे कण, कावेरीतले मासे

नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचे कण. सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइड, जंतुरोधक कपड्यांतली चांदी, झिजत झिजत बारीक होणारे प्लास्टिक हे सारे सांडपाण्यातून नदीत येते. पाण्यात त्यांचे पुंजके होतात आणि पुष्कळसे गाळात बसतात. उरलेले शेवाळाला चिकटतात. शेवाळ डॅफ्निया हा सूक्ष्म जीव गाळून खातो, डॅफ्नियाला लहान मासा आणि त्याला मोठा.

प्रत्येक पायरीवर साठा वाढतोच असे नाही. टायटॅनियम डायऑक्साइड डॅफ्नियातून झेब्राफिशमध्ये गेला, पण वाढला नाही. कॅडमियमचे क्वांटम डॉट हे नॅनोकण मात्र जिवाणूंपेक्षा त्यांना खाणाऱ्या एकपेशीय जीवांत सुमारे पाचपट आढळले. सगळ्या कणांना एकच नियम लावणे म्हणूनच चुकीचे.

कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाजवळच्या पाण्याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उपेंद्र नोंगथोम्बा यांच्या गटाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सूक्ष्मप्लास्टिक सापडले, तेही संथ आणि साचलेल्या पाण्यात. त्या पाण्यात वाढवलेल्या झेब्राफिशच्या भ्रूणांत हाडांचे व्यंग, डीएनएची हानी आणि हृदयाचे विकार दिसले. सूक्ष्मप्लास्टिक नॅनोकणांहून मोठे असते, पण झिजण्याचा पुढचा टप्पा नॅनोप्लास्टिकच. ही धोक्याची सूचना आहे आणि ती गांभीर्याने घ्यायला हवी.

गिळलेले कण मुख्यतः माशाच्या आतड्यांत राहतात, पाण्यातले काही कल्ल्यांतही अडकतात. मासे साफ करताना हे दोन्ही भाग पूर्ण काढून टाका.