बुद्धिसंपदेचा कायदा : लेखांक सातवा – जमाखर्चाची आज्ञावली आणि पेटंटची कसोटी

गेल्या लेखांकात यांत्रिक शोधांचा विचार करताना आपण पाहिले की, शोध नवा असावा, त्या विषयातील जाणत्या माणसाला तो सहज सुचण्याजोगा नसावा आणि उद्योगधंद्यात त्याचा उपयोग व्हावा, या तीन अटी पुऱ्या झाल्या म्हणजे १९७० च्या पेटंट कायद्याखाली अर्जदाराला वीस वर्षांच्या मुदतीपुरता अनन्य अधिकार प्राप्त होतो. भात झोडण्याचे यंत्र असो की पाणी उपसण्याचा पंप असो, त्याचा निकाल या तीन अटींवर लागतो. परंतु ज्या शोधाला हात लावता येत नाही, जो केवळ आज्ञांच्या रूपाने संगणकात किंवा मोबाईलमध्ये वसतो, आणि लोकांच्या पैशांचा हिशेब त्यांच्या त्यांच्या खात्यांवर ठेवणे हेच ज्याचे कार्य असते, अशा शोधाला या तिन्ही अटींच्या आधी एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तो प्रश्न कोणता आणि कायद्याने तो का विचारावा, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांपुरता आहे, असा समज शहापूर-मुरबाडच्या वाचकाने करून घेऊ नये. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा बाद झाल्यावर महिन्याच्या आतच, राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत महाराष्ट्रातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने त्या उपक्रमात पुढाकार घेतला आणि बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशिने दिली. त्या दिवसापासून सह्याद्रीच्या पायथ्याचे ते बाजाराचे गाव आर्थिक माहितीच्या एका अदृश्य व्यवस्थेशी जोडले गेले. गिऱ्हाईक कोण, त्याचे खाते कोणते, त्यात शिल्लक किती आणि रक्कम वळती करण्याची परवानगी कोणाची, हे सारे प्रश्न कार्ड यंत्रात सरकवल्यापासून पावती बाहेर पडेपर्यंतच्या क्षणांत सोडवणारी आज्ञावली आज गावोगावी राबत आहे. त्याच वर्षीच्या एप्रिलात सुरू झालेल्या यूपीआयमुळे तर हे काम मोबाईलवर आले.

आता विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या एखाद्या पदवीधर तरुणीने महिला बचत गटांच्या हिशेबासाठी सॉफ्टवेअर तयार केले. प्रत्येक गटाचे एक खाते आणि त्याच्या पोटात प्रत्येक सभासद भगिनीचे स्वतंत्र खाते; मासिक सभेत जमलेली बचत, दिलेले अंतर्गत कर्ज, आलेला हप्ता आणि त्यावरील व्याज यांची आपोआप होणारी नोंद; अध्यक्षा व सचिव यांना सर्व खाती पाहण्याचा, सभासदाला मात्र आपलेच खाते पाहण्याचा अधिकार; आणि दोघी पदाधिकाऱ्यांनी आपापल्या मोबाईलवरून संमती दिल्यावाचून कर्जाची रक्कम न सुटणे, अशी त्याची रचना आहे. शिवाय डोळखांबकडच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या काही पाड्यांवर रेंज नसते, म्हणून सभेतील नोंदी मोबाईलमध्येच साठवून, बाजाराच्या दिवशी रेंज आली की त्या मुख्य दप्तराशी जुळवून घेण्याची, आणि एकच हप्ता दोघींनी दोन मोबाईलवर नोंदवला असल्यास तो दोनदा जमा न होऊ देण्याची योजनाही तिने त्यात बसविली आहे. या कामाला पेटंट मिळेल काय?

अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जाईल. कारण महाराष्ट्र त्याच कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. अॅन्टॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनाची पायरी मात्र तिला चढावी लागणार नाही, कारण अर्ज आता इंटरनेटवरून दाखल होतो आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होते. व्यक्तिगत अर्जदाराला अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. सर्वसाधारणपणे अठरा महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो. परंतु केवळ अर्ज दाखल केल्याने परीक्षण सुरू होत नाही. त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते आणि २०२४ च्या मार्चात सुधारलेल्या नियमांप्रमाणे तिची मुदत एकतीस महिन्यांची आहे. अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी त्वरित परीक्षण मागण्याची सवलत २०१९ पासून मिळाली आहे. त्यानंतर परीक्षक पूर्वीचे पेटंट आणि प्रसिद्ध वाङ्मय धुंडाळून आपल्या हरकतींचा पहिला अहवाल पाठवितो, आणि सहा महिन्यांच्या आत त्याचे उत्तर द्यावे लागते.

या अहवालात आपल्या अर्जदार भगिनीला जी हरकत जवळजवळ निश्चितपणे वाचावी लागेल, ती कलम ३ च्या पोटकलम (के) ची. गणिती पद्धती, व्यवसाय-पद्धती, केवळ संगणकीय आज्ञावली आणि अल्गोरिदम हे कायद्याच्या दृष्टीने शोधच नव्हेत, असे हे पोटकलम सांगते. २००२ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले आणि २० मे २००३ पासून अमलात आले. त्यातील 'केवळ' या अर्थाची शब्दयोजना हेतुपुरस्सर आहे. संयुक्त संसदीय समितीचा अभिप्राय असा होता की, नुसती आज्ञावली वर्ज्य ठेवावी, पण तिच्या आधारे वा तिच्या जोडीने जे अन्य काही निर्माण होते त्याला शोधाचे स्वरूप असल्यास वाट मोकळी असावी. पुढे २००४ च्या डिसेंबरात निघालेल्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोजनासाठी किंवा यंत्रसामग्रीच्या जोडीने येणाऱ्या आज्ञावलीसाठी ही वाट अधिक रुंद करण्याचा प्रयत्न केला. परंतु २००५ मध्ये संसदेने तो पाठ नाकारून जुनाच कायम ठेवला.

एवढ्यावरून परीक्षकाचा मुख्य प्रश्न स्पष्ट होतो. या आज्ञावलीमुळे हिशेब ठेवणाऱ्याची सोय किती वाढली, हे तो विचारीत नाही. तिच्यामुळे यंत्राला, जाळ्याला किंवा माहितीच्या साठ्याला असे काय करता येऊ लागले, जे पूर्वी करता येत नव्हते, हे तो विचारतो. पेटंट कार्यालयाच्या २०१३ च्या मसुद्यात अशा तांत्रिक परिणामांची जी उदाहरणे होती, त्यांत वाढलेली गती, स्मृतीचा काटकसरीचा वापर, माहितीच्या साठ्यातील अधिक परिणामकारक शोध आणि माहितीचे अधिक चांगले संक्षेपण यांचा समावेश होता. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नव्या यंत्रसामग्रीचीच अट घातली होती. ती २०१७ मध्ये काढण्यात आली. म्हणून आपल्या अर्जदार भगिनीला नवा मोबाईल शोधून काढण्याची गरज नाही. पण जुन्याच मोबाईलकडून नवे तांत्रिक काम करून घेतल्याचे तिला दाखवावे लागेल.

हा प्रश्न तिच्या रचनेतील एकेका अंगाला लावून पाहू. बचत, कर्ज व व्याज यांच्या नोंदींची पद्धत ही व्यवसाय-पद्धती. व्याजाची आकारणी हे गणित. खात्याचा उतारा सुबक दिसणे ही माहितीची मांडणी, आणि तीही कलम ३ च्याच दुसऱ्या पोटकलमाने वर्ज्य. दोघींच्या संमतीवाचून रक्कम न सुटणे हा तर सहकारी पतपेढ्यांतील दोन सह्यांचा नियम. तो कागदावरून मोबाईलवर आला म्हणून शोध होत नाही. परंतु रेंज तुटलेली असताना दोन निरनिराळ्या मोबाईलवर झालेल्या नोंदी नंतर एकत्र येताना त्यांतील द्विरुक्ती आणि विसंगती ओळखण्याची तिची योजना, जर ती प्रचलित योजनांहून वेगळी असेल आणि थोड्या स्मृतीत व क्षीण जोडणीवर तेच काम निर्दोषपणे करीत असेल, तर ती तांत्रिक प्रश्नाला दिलेले तांत्रिक उत्तर ठरण्याचा संभव आहे. पाड्यावर रेंज नसणे, ही आपल्या तालुक्यांची जी अडचण, तीच येथे शोधाची जागा होते.

न्यायालयांचे निर्णय याच दिशेने गेले आहेत. अमेरिकेत १९९८ च्या स्टेट स्ट्रीट बँक खटल्याने गुंतवणूक-निधींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेचे पेटंट मान्य केले आणि व्यवसाय-पद्धतींच्या अर्जांना तेथे ऊत आला. परंतु १९ जून २०१४ रोजी अॅलिस कॉर्पोरेशन विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळा मार्ग दाखविला. दोन पक्षांच्या खऱ्या खात्यांची प्रतिबिंबखाती त्रयस्थाने संगणकावर ठेवायची, जेवढी ऐपत त्या खात्यांत दिसेल तेवढेच व्यवहार मान्य करायचे आणि दिवसअखेर बँकांना आदेश द्यायचे, अशी ती योजना होती. मध्यस्थामार्फत देणेघेणे मिटविण्याची ही जुनी कल्पना साधारण संगणकावर चढवल्याने शोध होत नाही, असा न्यायालयाचा निर्णय झाला.

आपल्याकडे बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०११ मध्ये याहू कंपनीचा दावा व्यवसाय-पद्धती म्हणून फेटाळला. १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र असे प्रतिपादन केले की, बहुसंख्य शोध संगणकीय आज्ञावलीवर आधारलेले असण्याच्या काळात त्या सर्वांना सरसकट अपात्र ठरविणे मागासपणाचे होईल, आणि तांत्रिक परिणाम हीच कसोटी असावी. २०२३ च्या मे महिन्यातील दोन निर्णय तर शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. मायक्रोसॉफ्टचा दावा वापरकर्त्याची ओळख पटविण्यासंबंधी होता: एका संकेतस्थळाच्या सर्व भागांसाठी एक कुकी आणि त्याच्या पोटभागासाठी दुसरी, अशा दुहेरी पडताळणीचा. नामंजुरीचा हुकूम रद्द करून न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठविला. ओपन टीव्ही कंपनीचा माध्यम-सामग्री भेट देण्याच्या व्यवस्थेचा दावा मात्र व्यवसाय-पद्धती ठरून नामंजूरच राहिला. दोन्हींत जाळे होते आणि वापरकर्ते होते. एकात प्रवेशाच्या सुरक्षिततेचा तांत्रिक प्रश्न सुटला, दुसऱ्यात देण्याघेण्याची रीत तेवढी बांधली गेली, हे त्या निकालांतील अंतर आहे.

काही वाचकांना हा नियम ग्रामीण बुद्धीवर अन्याय करणारा वाटेल. माझे मत याच्या अगदी उलट आहे. हिशेब ठेवण्याच्या रीती हा समाजाचा सामाईक वारसा आहे. रोजकीर्द व खतावणी यांच्या आधारे आपल्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची जी पद्धत वर्णिली, तीही तेथील व्यापाऱ्यांत आधीपासून रूढ असलेली होती. विहिरीचे पाणी उपसण्याच्या नव्या रहाटावर हक्क सांगता यावा, पण पाण्यावर सांगता येऊ नये, इतका हा भेद सरळ आहे. मासिक सभेत बचत गोळा करून तिची सभासदवार नोंद करण्याच्या रीतीवर एखाद्या धनाढ्य कंपनीला वीस वर्षांचा मक्ता मिळाला असता, तर शहापूरच्या प्रत्येक गटाला आपलेच दप्तर मोबाईलवर चढविण्यासाठी तिच्या परवानगीची याचना करावी लागली असती. पोटकलम (के) आपल्या भगिनीची वाट जितकी अडविते, त्याहून कितीतरी अधिक तिच्या गावाचे रक्षण करते.

या रक्षणाचे एक साधन कायद्याने थेट जनतेच्या हाती ठेवले आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. कलम २५ च्या पहिल्या पोटकलमानुसार, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती त्याला लेखी विरोध करू शकते. दावा केलेली गोष्ट अर्जाच्या अग्रक्रम-दिनांकापूर्वी भारतात सार्वजनिकरीत्या ज्ञात वा उपयोगात होती, हे विरोधाचे एक मान्य कारण आहे. म्हणजे एखाद्या गटाची नियमितपणे लिहिलेली इतिवृत्ताची वही आणि तारखेनिशी ठेवलेल्या नोंदी, जर ती रीत गावात उघडपणे चालत होती हे त्यांवरून सिद्ध होत असेल, तर अॅन्टॉप हिलच्या कार्यालयात पुरावा म्हणून उभ्या राहू शकतात. दप्तर नीट ठेवण्याचा आग्रह बँकेच्या तपासणीपुरता नाही. आपल्या रीती आपल्याच राहाव्यात म्हणूनही तो धरला पाहिजे.

आता अर्जदार होऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली ही की, अर्ज करण्यापूर्वी सॉफ्टवेअर गटांना वापरायला देऊन टाकू नये. खुद्द शोधकानेच केलेला उघड वापरही नावीन्याला बाध आणू शकतो. तात्पुरते विवरण दाखल करून दिनांक मिळवावा आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण द्यावे. दुसरी ही की, विवरणात गावाचे कल्याण किती होणार हे पानोपानी लिहिण्यापेक्षा तांत्रिक अडचण कोणती होती, प्रचलित उपाय तेथे का अपुरे पडले आणि आपल्या रचनेची प्रत्येक पायरी कोणते काम करते, हे आकृत्यांसह लिहावे. कारण चांगले शोध जसे हरकतींमुळे अडतात, तसेच ते अपुऱ्या विवरणामुळेही बुडतात. तिसरी ही की, पेटंट न मिळाले तरी लिहिलेली आज्ञावली निराधार नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली ती वाङ्मयकृती मानली जाते आणि लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षे तिच्या नकलेपासून संरक्षण मिळते. मात्र ते संरक्षण लिहिलेल्या आज्ञांना असते, त्यांमागील कल्पनेला नसते. तीच कल्पना दुसऱ्याने स्वतंत्रपणे लिहून काढली तर तक्रार चालत नाही.

पेटंट म्हणजे समाजाने शोधकाशी केलेला करार आहे: शोधकाने आपली विद्या उघड करावी आणि समाजाने मोबदल्यात ठराविक काळाचा हक्क द्यावा. जे समाजाच्या पदरी आधीच होते, ते उघड करून कोणी हक्क मागू लागला तर तो नाकारणे हे परीक्षकाचे कर्तव्य आहे. आणि पाड्यावरच्या एखाद्या मुलीने खरोखरीच नवी विद्या आणली, तर विवरणाच्या भाषेत अडकून ती परत जाऊ नये, हे महाविद्यालयांचे आणि जाणत्या वकिलांचे कर्तव्य आहे. ही दुसरी बाजू आपल्या तालुक्यांत अद्याप फार दुबळी आहे आणि ती बळकट करणे आपल्या हातचे आहे. विवरण व दावे यांचा मसुदा प्रत्यक्ष कसा लिहावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.