सुरक्षा किल्ली व तिचे फर्मवेअर

संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसविता येणाऱ्या व गूढलेखनाच्या साहाय्याने धारकाची ओळख पटविणाऱ्या लहान इलेक्ट्रॉनीय साधनास सुरक्षा किल्ली म्हणतात. तिच्या स्मृतीत कायम स्वरूपात भरलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर ही संज्ञा आहे. परवलीचा शब्द दुसऱ्यास कळला की त्याची उपयुक्तता संपते. सुरक्षा किल्लीतील गुपित मात्र धारकालाही ज्ञात नसते.

महाराष्ट्रात या वर्गातील सर्वांत परिचित साधन म्हणजे अंकीय स्वाक्षरीचे टोकन होय. व्यवहारात त्यास ‘डोंगल’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अंमलात आला व अंकीय स्वाक्षरीस विधिमान्यता मिळाली. राज्यात 1 मे 2018 पासून तलाठ्याच्या अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. काटोल किंवा उमरेडचा शेतकरी असा उतारा पीक कर्जासाठी बँकेत देतो, तेव्हा त्याच्या खरेपणाची मदार अखेर स्वाक्षरीच्या खासगी किल्लीवर असते. टोकन दस्तऐवजावर स्वाक्षरी करते, तर सुरक्षा किल्ली संकेतस्थळावरील प्रवेशासाठी वापरतात. दोहोंचे मूलतत्त्व एकच आहे.

कार्यपद्धती : साधनात गणिती दृष्ट्या परस्परसंबंधित अशा दोन संख्यांची जोडी तयार होते. त्यांपैकी खासगी किल्ली आतच राहते व सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे नोंदविली जाते. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ एक यदृच्छ संख्या पाठविते. धारकाने बटणाला स्पर्श केल्यावर फर्मवेअर तिच्यावर खासगी किल्लीने स्वाक्षरी करते व सार्वजनिक किल्लीने तिचा पडताळा घेतला जातो. स्वाक्षरीत संकेतस्थळाचे नावही गुंतविलेले असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या बनावट स्थळावर ती चालत नाही. या पद्धतीची मानके 2012 मध्ये स्थापन झालेल्या फिडो अलायन्स या संघटनेने तयार केली. ब्राउझरसाठीच्या ‘वेबऑथन’ या मानकास मार्च 2019 मध्ये मान्यता मिळाली.

फर्मवेअरची निर्मिती : गूगलने जानेवारी 2020 मध्ये खुले केलेले ‘ओपनएसके’ हे फर्मवेअर याचे चांगले उदाहरण आहे. ते रस्ट या भाषेत लिहिलेले असून नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ52840 या चिपवर चालते. या चिपचा वेग 64 मेगॅहर्ट्‌झ असून तीत 1 मेगाबाइट कायम स्मृती व 256 किलोबाइट कार्यकारी स्मृती असते. मूळ आज्ञावलीचे संकलकाद्वारे यंत्रभाषेत रूपांतर करून ती चिपच्या स्मृतीत लिहितात. त्यानंतर साधनाचा प्रकार प्रमाणित करणारी किल्ली व प्रमाणपत्र आत भरतात. शेवटी दोषशोधनाचा मार्ग बंद करणे अत्यावश्यक असते. तो उघडा राहिल्यास साधन हाती आलेल्या कोणालाही स्मृती वाचता येईल. त्याचप्रमाणे नवे फर्मवेअर स्वीकारण्यापूर्वी त्यावरील निर्मात्याची स्वाक्षरी तपासणारी आरंभक आज्ञावलीही असावी लागते.

मर्यादा : फर्मवेअर बदलता येण्याजोगे ठेवले, तर दोष दुरुस्त करता येतो, परंतु घुसखोरीस एक वाट राहते. ते कायमचे गोठविले, तर ही वाट बंद होते, पण दोष आढळल्यास साधनच बदलावे लागते. अनेक निर्माते दुसरा पर्याय निवडतात. 2017 मध्ये इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधील किल्ली-निर्मितीच्या आज्ञावलीत दोष आढळला. त्यामुळे काही सार्वजनिक किल्ल्यांवरून खासगी किल्ली काढणे शक्य झाले होते. एस्टोनियाने सु. 7,60,000 ओळखपत्रांची प्रमाणपत्रे त्या वर्षी स्थगित केली. चिप अबाधित असूनही अविश्वसनीय ठरली, कारण दोष तिच्या आज्ञावलीत होता. म्हणून मूळ आज्ञावली खुली ठेवून स्वतंत्र तज्ञांकडून तपासून घेणे इष्ट मानले जाते.

उत्तम फर्मवेअरलाही एक गोष्ट साधत नाही. टोकन व त्याचा पिन क्रमांक धारकाने कामाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या स्वाधीन केला, तर स्वाक्षरी कोणी केली हे साधन ओळखू शकत नाही. कागदोपत्री ती धारकाचीच ठरते. सातबाऱ्यासारख्या हक्कांच्या नोंदींबाबत अशा गैरवापराचा फटका ज्याला बसतो, त्या खातेदाराने ते टोकन कधी पाहिलेलेही नसते.