हृदयाची औषधे आणि दंतवैद्याची भूल

आपल्या शाळेच्या वसतिगृहात शिकून गेलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांतील अनेक जण आज साठीच्या घरात आहेत. त्यांच्या, तसेच पालकवर्गातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची गोळी बहुधा असतेच. दाढ काढण्याचा प्रसंगही याच वयात वारंवार येतो. अशा वेळी काही जण दंतवैद्यांना गोळ्यांविषयी काहीच सांगत नाहीत, तर काही जण रक्त जाईल या भीतीने गोळ्या आपल्याच मनाने बंद करतात. या दोन्ही गोष्टी घातक का ठरू शकतात, हे येथे सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दाढेभोवतीचा भाग बधिर करण्यासाठी बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन वापरतात. स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केले. वेदनेचा संदेश मज्जातंतूतून पुढे सरकतो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्यामुळे. लिग्नोकेन ही वाट काही काळ अडवते, म्हणून रुग्ण जागा असूनही त्याला वेदना जाणवत नाही. हृदयाच्या स्नायूंतही अशाच वाटा असतात. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांतील काही प्रकारच्या अनियमिततेवर हेच औषध शिरेतून देतात. ठोके नियमित राखण्यासाठी जे आधीच अमिओडॅरोनसारखे औषध घेत आहेत, त्यांना भुलीची मात्रा बेतानेच द्यावी लागते.

लिग्नोकेनने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध लवकर वाहून जाते. म्हणून त्यात ॲड्रेनलिन मिसळतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, भूल अधिक वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. मात्र हेच ॲड्रेनलिन रक्तात मिसळले की हृदयाचे ठोके वाढवते. नेहमीच्या १:८०,००० प्रमाणाच्या मिश्रणात दर मिलिलिटरमागे १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन असते. निरोगी प्रौढासाठी एका वेळची मर्यादा २०० मायक्रोग्रॅम मानतात, तर हृदयरुग्णासाठी ४०, म्हणजे जेमतेम तीन मिलिलिटर. सुई रक्तवाहिनीत शिरली नाही ना, हे दट्ट्या किंचित मागे ओढून पाहतात, तेही याचसाठी.

मग हृदयरुग्णाला ॲड्रेनलिन द्यायचेच नाही काय? तसे नाही. भूल अपुरी पडली तर वेदनेने आणि भीतीने रुग्णाचे स्वतःचे शरीरच ॲड्रेनलिन सोडू लागते, आणि त्यावर दंतवैद्यांचे नियंत्रण नसते. म्हणून बहुतेक स्थिर प्रकृतीच्या रुग्णांत मोजून दिलेली, पूर्ण लागू पडणारी भूल अधिक सुरक्षित असते. नुकताच झटका येऊन गेलेला असल्यास मात्र हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रोप्रॅनोलॉल या गोळीबाबत विशेष सावध राहावे लागते. ॲड्रेनलिन काही रक्तवाहिन्या आकसते, तर स्नायूंतील काही रुंदावते. प्रोप्रॅनोलॉल रुंदावण्याचा मार्ग बंद करते, मग उरते ते केवळ आकसणे. रक्तदाब एकाएकी चढू शकतो आणि ठोके मंदावू शकतात. शिवाय या गोळीमुळे यकृतातून लिग्नोकेनचा निचराही सावकाश होतो. अर्धशिशी किंवा हातांच्या कंपासाठीही ही गोळी देतात. त्यामुळे ‘मला हृदयविकार नाही’ असे म्हणणारी व्यक्तीही ती घेत असू शकते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांत हा धोका कमी आहे. डिगॉक्सिन घेणाऱ्यांत ॲड्रेनलिनमुळे ठोके अनियमित होण्याची शक्यता असते.

रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा प्रश्न निराळा आहे. खोलवर सुई दिल्यास आत रक्त साकळू शकते, म्हणून त्यांची माहिती दंतवैद्यांना आधीच हवी. वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्ततपासणी आधी करतात. पण ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हिरडीतील रक्त टाक्यांनी व दाबून धरलेल्या बोळ्याने बहुधा थांबते. स्टेंटमधील गुठळी जिवावर बेतू शकते.

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपण शाळेत शिकलो. कोणतीही गोष्ट एकटी, स्वयंभू घडत नाही. कारणे आणि परिस्थिती जुळून आल्यावर ती घडते. औषधाचेही तसेच आहे. इंजेक्शन तेच असले तरी शरीरात आधीपासून काय आहे, यावर त्याचा परिणाम ठरतो.

म्हणून प्रत्येक घरात ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून ठेवाव्यात. हे काम घरातील शाळकरी मुलेही आनंदाने करतील. यादी नसेल तर गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. दवाखान्यात खुर्चीवर बसण्यापूर्वी ती दाखवावीत, नेहमीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुकवू नये, आणि उपचारानंतर एकदम उभे न राहता सावकाश उठावे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे भोवळ येऊ शकते. तथागतांनी अखेरच्या उपदेशात ज्या अप्रमादाची, म्हणजे सदैव जागरूक राहण्याची, शिकवण दिली, ती आपल्या औषधांच्या डब्यालाही लागू आहे.