घरी मराठी बोलणे बंद करू नका

इंग्रजी माध्यमात तिसरीला असलेले मूल ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, तोंडी हिशेबही पटकन करते. पण धडा वाचायला सांगितला की अडखळते. अक्षरे गाळते, शब्दाची सुरुवात वाचून उरलेला भाग अंदाजाने ठोकून देते. मग सल्ले सुरू होतात. त्यातला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'घरी मराठी बोलणे बंद करा, दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतोय.' मेंदूविषयी आज जे माहीत आहे, त्यात या सल्ल्याला आधार सापडत नाही.

बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते, वाचन मात्र शिकवावे लागते. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनाचे जन्मजात केंद्र तयार होणे शक्य नव्हते. त्यामुळे प्रत्येक मुलाचा मेंदू आधीच असलेल्या भागांना नव्या कामाला लावतो. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, मागे आणि खालच्या बाजूला, अक्षरांचे आकार ओळखणारा एक पट्टा सरावाने घडतो. कानाच्या वरच्या-मागच्या बाजूचा भाग अक्षराला ध्वनी जोडतो आणि पुढचा भाग उच्चाराची जुळवणी करतो. या भागांतली देवाणघेवाण जलद झाली की वाचन सहज होते. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांमध्ये अक्षर आणि ध्वनी यांची सांगड कच्ची राहते. बुद्धी कमी असण्याशी किंवा आळसाशी त्याचा संबंध नसतो. पुष्कळदा ही अडचण कुटुंबात आधीच्या पिढीतही आढळते.

दुसरी भाषा मेंदूवर ओझे टाकते का? लंडनच्या संशोधकांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक भाषा आणि दोन भाषा बोलणाऱ्यांचे मेंदू एमआरआयने तपासले होते. दोन भाषा येणाऱ्यांत डाव्या बाजूच्या, कानाच्या वर-मागे असलेल्या भागातील करड्या द्रव्याची घनता अधिक दिसली. भाषा जितक्या लहान वयात शिकलेली आणि प्रभुत्व जितके जास्त, तितका हा फरक ठळक होता. दोन भाषा बोलणारा माणूस अधिक हुशार असतो, असे यावरून म्हणता येत नाही. मात्र दुसऱ्या भाषेमुळे मेंदूचे नुकसान होते, या भीतीलाही त्यातून दुजोरा मिळत नाही.

वाचनाच्या अडचणीत लिपीचा वाटा मोठा असतो. २००१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषकांतील डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांची तुलना होती. वाचताना तिन्ही गटांत मेंदूच्या डाव्या बाजूच्या त्याच भागाची हालचाल कमी दिसली. तरीही इटालियन मंडळी इतरांपेक्षा बरे वाचत होती, कारण इटालियन बरीचशी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते. १९९९ मध्ये नोंदवलेले एका सोळा वर्षांच्या मुलाचे उदाहरण याहून बोलके आहे. घरी इंग्रजी बोलणारा हा मुलगा जपानमध्ये वाढला, जपानी शाळेत शिकला. जपानी तो उत्तम वाचे. घरची भाषा असलेली इंग्रजी वाचताना मात्र अडे.

मराठी मुलांसाठी यात सरळ धडा आहे. इंग्रजीत बी-यू-टी 'बट' होते, पण पी-यू-टी 'पुट'. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते बरेच पक्के आहे. 'चंद्र' आणि 'चोर' यांतला 'च' वेगळा, जोडाक्षरे किचकट, वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि वाचायची नंतर, अशा अडचणी आहेतच. पण त्या मोजक्या आहेत. म्हणून मूल मराठी बरे वाचते एवढ्यावरून डिस्लेक्सिया नाही असे ठरत नाही. तसेच फक्त इंग्रजीत अडते, एवढ्यावरून तो आहे असेही ठरत नाही. कदाचित इंग्रजी पुरेशी कानावरच पडलेली नसेल. तपासणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरेल, असे तोंडी प्रश्नही मराठीत विचारून पाहावेत. त्यातही मूल वयाच्या मानाने फार मागे असेल, तर संशय बळावतो.

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षकांकडून चाचणी करावी. यावर औषधाची गोळी नाही. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी पायरीपायरीने, रोज थोडा वेळ, पक्की करून घेणे हाच उपाय आहे. तो लवकर सुरू झाला तर फायदा जास्त. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मागता येतात.

या काळात घरातली मराठी चालूच ठेवावी. गोष्टी, गप्पा आणि शब्दांचे खेळ यांतून मुलाचा शब्दसाठा वाढतो आणि ध्वनींची जाणही पक्की होते. घरातली सवयीची भाषा तोडली, तर आधीच वाचायला घाबरणारे मूल बोलायलाही कचरू लागते.